विक्रेत्याच्या मरणाचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या गृहसंकुलांत संध्याकाळी बाकांवर निवृत्त वडीलमंडळी बसलेली असतात. मुलगा-सून अजून ऑफिसातून यायची असतात. ओळख करून घेताना पुण्या-नागपूरकडचे एखादे गृहस्थ सांगतात, 'मी सेल्स मॅनेजर होतो.' त्या 'होतो'पाशी मला दोन पुस्तके आठवतात.

आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' १९४९ साली रंगभूमीवर आले. विली लोमन आयुष्यभर नमुन्यांच्या पेट्या वाहतो; त्यांत कोणता माल आहे हे मिलर कुठेच सांगत नाही. नोकरी गेल्यावर विलीजवळ विकण्याजोगे एकच उरते, वीस हजार डॉलरचा आयुर्विमा. त्यासाठी तो मरतो. दफनाला घरचे आणि शेजारचे बापलेक, एवढेच.

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' (२०१३) ही कन्नड कादंबरिका बंगळूरचीच. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ती दूरवर पोचली. तिच्यातले अप्पा चहापत्तीच्या कंपनीचे विक्रेते. नाइलाजाने घेतलेल्या स्वेच्छानिवृत्तीचे पैसे ते धाकट्या भावाच्या मसाल्याच्या धंद्यात घालतात आणि निम्म्या धंद्याचे मालक होतात. अप्पा मरत नाहीत. पण घर त्यांना जपते ते धास्तीने: या तत्त्वनिष्ठ माणसाने आपला वाटा दानधर्माला लिहून दिला तर?

विली बुडालेला, अप्पांचे घर वर आलेले. म्हणून ही दोन टोके वाटतात. मला हिशेब एकच दिसतो. दोन्हीकडे माणसाच्या जगण्यापेक्षा त्याच्या मरणाला भाव अधिक आहे.

फरक आहे तो आधीच्या दिवसांत. विली बायकोला विक्रीचे आकडे फुगवून सांगतो. अप्पांच्या जुन्या, अडचणीच्या घरात एका रात्री हिशेब जुळत नाही, तेव्हा सगळे कुटुंब चूक शोधायला बसते. वडिलांचे काम तेव्हा सगळ्यांचे होते. पैसा आल्यावर तुटले ते हे. म्हणून शानभागांची गोष्ट मला अधिक जिव्हारी लागते. मिलरच्या घरात खोटेपणा आधीपासून होता. इथे सचोटीचे घर बिघडले.

एक तक्रार उरते. अप्पांच्या मनात काय चालले आहे, हे कादंबरिका जवळजवळ सांगतच नाही. पण कथा सांगणारा मुलगा कमावत नाही, घरच्या पैशावर जगतो; त्याने विचारलेच नसेल, तर त्याला कळणार कसे? हे मौन मला लेखकाचे नव्हे, मुलाचे वाटते.

बाकावरच्या गृहस्थांना आपण तरी कुठे विचारतो, 'काय विकत होतात?'