कुगोआनोचे आरोपपत्र

दिवाळी अंक माणूस फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचतो. एका हातात करंजी, दुसऱ्या हातात अंक. अशा वेळी गुलामगिरीवरचे पुस्तक घेऊन मी आपल्या ओसरीवर यावे हे रीतीला धरून नाही, हे मला कळते. पण संपादकांनी यंदा वाचलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी लिहा असे सांगितले, आणि यंदा मला स्वस्थ बसू न देणारे पुस्तक एकच निघाले. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

माझा एक जुना विद्यार्थी लंडनला नोकरीस असतो. गेल्या उन्हाळ्यात तो गावी आला, तेव्हा त्याने ते माझ्या हाती ठेवले. म्हणाला, "सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. हा माणूस लहानपणी पळवून नेलेला गुलाम होता. तुम्हांला उपयोगी पडेल." माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोश शेजारी घेऊन, रोज तीन-चार पाने, अशा चालीने सारा पावसाळा मी त्या पुस्तकात घालवला. लेखकाचे नाव ओटोबा कुगोआनो. पुस्तक प्रसिद्ध झाले १७८७ साली, लंडनमध्ये. गुलामांच्या दुष्ट व्यापाराविषयीचे आपले विचार आणि भावना त्याने त्यात मांडल्या आहेत, आणि शीर्षकही तसेच ऐसपैस आहे.

आज ज्या देशाला घाना म्हणतात, त्याला १९५७ साली स्वातंत्र्य मिळेपर्यंत इंग्रज गोल्ड कोस्ट म्हणत. तेथील फांटी लोकांच्या मुलखात अजुमाको गावी १७५७च्या सुमारास कुगोआनो जन्मला. त्याच्या नावात पुढे 'क्वोब्ना' हाही शब्द येतो. त्या लोकांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल आहे, आणि या नावाचा अर्थ मंगळवारी जन्मलेला. आपल्याकडे मंगळू असतो तसाच हा. तेरा वर्षांचा असताना रानात फळे वेचायला आणि पाखरे धरायला गेलेल्या पोरांच्या घोळक्यातून त्याला पळवले. पळवणारे त्याच्याच वर्णाचे होते. किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यात त्याचा सौदा झाला. एक बंदूक, कापडाचा एक तुकडा आणि थोडे शिसे, एवढी किंमत आपल्या बदली दिली गेलेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तेथून ग्रेनाडा बेटावर उसाच्या मळ्यात. १७७२च्या अखेरीस मालकाबरोबर तो इंग्लंडला आला. पुढच्या वर्षी, पुन्हा कोणी धरून विकू नये म्हणून, भल्या लोकांच्या सल्ल्याने त्याने पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तो जॉन स्टुअर्ट झाला. लिहायला-वाचायला तो इंग्लंडमध्येच शिकला. पुढे रिचर्ड कॉस्वे या नामांकित चित्रकाराच्या घरी चाकरी करीत असताना त्याने हे पुस्तक लिहिले.

आता माझी तक्रार ऐका. एवढे सारे ज्याच्यावर गुदरले, त्याने ते सांगावे किती पानांत? दीडशेच्या आसपास पानांच्या पुस्तकात दहा पानेही नाहीत! जहाजावर बायका आणि पोरांनी मिळून एक कट केला होता. जहाजाला आग लावून उडवून द्यावे आणि सर्वांनी एकदम मरावे. त्यांच्यातल्याच एका बाईने तो फोडला. या एका प्रसंगावर मी चार प्रकरणे लिहिली असती. ती बाई कोण होती, तिने असे का केले, त्या रात्री समुद्र कसा होता! कुगोआनो काही ओळींत तो प्रसंग उरकतो आणि पुढे जातो. कादंबरीकार म्हणून मी पहिल्यांदा चडफडलो. पुस्तक मिटून आठ दिवस बाजूला ठेवले.

मग पुन्हा उघडले, आणि हळूहळू उमगले की हा मनुष्य आपली कहाणी सांगायला बसलेलाच नाही. तो फिर्याद मांडायला उभा राहिला आहे. कहाणी ही त्या फिर्यादीतली पहिली साक्ष, आणि साक्षीदाराने उगाच लांबण लावू नये इतके त्याला कळते.

त्याच्या युक्तिवादाची धाटणी पाहा. गुलामांच्या व्यापाराचे समर्थक म्हणत की आफ्रिकी लोकच आपली माणसे विकतात, त्याला आम्ही काय करावे? कुगोआनो हे नाकारीत नाही. मला माझ्याच लोकांनी विकले, याची लाज वाटते, असे तो कबूल करतो. आणि लगेच विचारतो की घेणारे नसते तर विकणारे कोठून आले असते? दुसरा मुद्दा याहून धारदार आहे. लुटल्या गेलेल्या माणसाने लुटारूच्या हातून निसटणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असे तो म्हणतो. गुलामाने पळून जाणे हा गुन्हा मानला जात होता, तेव्हाचे हे बोलणे. दयाळू इंग्रजसुद्धा त्या काळी व्यापार थांबवा एवढेच म्हणत. आधीच गुलाम झालेल्यांचे काय, यावर ते चाचरत. कुगोआनो सांगतो: व्यापार थांबवा, आणि जे गुलाम आहेत त्यांनाही सोडा. आफ्रिकी माणसाने इंग्रजीत छापून एवढी पुरी मागणी करण्याची ही पहिलीच वेळ समजली जाते.

बायबलातल्या शापामुळे काळी माणसे गुलाम झाली, असे सांगणाऱ्यांना तो बायबलानेच उत्तर देतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लढाऊ जहाजांचा ताफा ठेवून हा व्यापार अडवावा, अशी सूचनाही करतो. वीस वर्षांनी, १८०७ साली, इंग्लंडने व्यापारबंदीचा कायदा केला आणि १८०८ साली खरोखरच असा ताफा पाठवला.

पण ज्या मुद्द्यापाशी माझे बोट थांबले तो निराळा. कुगोआनो म्हणतो की या पापाचा थोडाबहुत वाटा ब्रिटनमधल्या प्रत्येक माणसाकडे जातो. मळेवाल्याकडे, जहाजवाल्याकडे, आणि गप्प राहणाऱ्याकडेही. ऐकायला हे प्रवचन वाटते. पण पुढचा हिशेब पाहा. १८३३ साली गुलामगिरी मोडणारा कायदा झाला, तेव्हा सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली. ती मिळाली मालकांना. गुलामांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड झाली २०१५ साली. म्हणजे आपल्या हयातीतील ब्रिटिश करदात्यांनीही तो भार उचलला. हा वाटा सर्वांचा असतो हे कुगोआनोने आधीच सांगून ठेवले होते.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. एकच मुद्दा तो तीन-तीनदा सांगतो. कित्येक वाक्ये इतकी लांब की कर्ता गाठेपर्यंत क्रियापदाची आठवण राहत नाही. वचनांचा भरणा फार. काही मजकूर त्याने इतर लेखकांच्या ग्रंथांतून उचलला आहे, आणि त्याच्या हातची पत्रे व छापील पुस्तक यांच्या भाषेत फरक दिसतो. म्हणून त्याचा मित्र इक्वियानो याने हात फिरवला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. असेल. माझ्या पहिल्या कादंबरीवरही एका मित्राने हात फिरवला होता. मात्र त्या वाक्यांतला संताप उसना नाही.

या इक्वियानोने दोन वर्षांनी, १७८९ साली, आपले आत्मचरित्र काढले. त्यात प्रवास आहेत, लढाया आहेत, वादळे आहेत. त्याच्या हयातीत त्याच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. पुस्तक उत्तम आहे, यात वाद नाही. पण कुगोआनो मागे पडला याचे कारणही त्यात सापडते. दुःखिताने आपले दुःख सांगावे आणि आपण हळहळावे, हे वाचकाला आवडते. दुःखिताने आपल्यालाच प्रश्न विचारावा, हे तितकेसे रुचत नाही. १७८४ साली कॉस्वेने काढलेले एक चित्र आहे. बागेत कॉस्वे पतिपत्नी बसली आहेत आणि एक काळा चाकर त्यांच्यापुढे द्राक्षे धरतो आहे. तो चाकर म्हणजे कुगोआनोच, असे मानतात. तीन वर्षांनी त्याच हातांनी तिसऱ्या जॉर्ज राजाकडे आणि युवराजाकडे आपले पुस्तक धाडले. द्राक्षे घेणे सोपे होते.

मराठी वाचकाला येथे एक नाव आठवेलच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. जोतीरावांनी कुगोआनो वाचला होता असा माझा दावा नाही. पण दोघांची वाट एक आहे. ज्या धर्मकथांच्या जोरावर माणसाला खाली दाबले, त्या कथाच हाती घेऊन दोघांनी उलटतपासणी केली. जोतीरावांनीही त्या पुस्तकात रडगाणे गायले नाही. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात.

आणखीही एक साम्य आहे, आणि शाळामास्तर म्हणून ते मला चटका लावून गेले. १७९१ साली कुगोआनोने आपल्या पुस्तकाची छोटी आवृत्ती काढली. तीत त्याने आपला मनोदय सांगितला आहे: इंग्लंडमधल्या आफ्रिकी लोकांसाठी शाळा काढायची. जोतीरावांची शाळा १८४८ साली पुण्यात भरली. कुगोआनोची शाळा भरल्याची नोंद नाही. त्या सालानंतर त्याचाही माग लागत नाही. पॅल मॅलमधल्या ज्या घरात तो चाकर होता, त्यावर २०२० साली निळी पाटी लागली. शाळेवर लावायला मात्र काही उरले नाही. तरी त्याचा मनोदय अगदीच वाया गेला असे म्हणवत नाही. आक्रा येथे १९४४ साली जन्मलेल्या मार्गारेट बझ्बी यांनी १९६७ साली लंडनमध्ये भागीदारीत प्रकाशनसंस्था काढली. ब्रिटनमधल्या पहिल्या काळ्या स्त्री-प्रकाशक म्हणून त्या ओळखल्या जातात. जिची आई घानाची, अशा स्टॉर्म्झी नावाच्या तरुण गायकाने २०१८ साली केंब्रिजमध्ये दरवर्षी दोन काळ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलायला घेतला. एकीने छापखान्याचे दार उघडले, एकाने विद्यापीठाचे.

शेवटी माझा स्वतःचा एक अपराध सांगतो, कारण तो या पुस्तकानेच उघडा पाडला. आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची मुले येतात. आईबाप मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या मुलखात जातात, पोरे आजीपाशी राहतात. ऊसतोडणी म्हणजे गुलामगिरी, असे मी म्हणत नाही. त्या शब्दाची किंमत कुगोआनोने मोजली आहे. ग्रेनाडात उसाचे एक कांडे खाल्ले म्हणून दात पाडलेली माणसे त्याने पाहिली होती. पण काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाने निबंधस्पर्धेसाठी 'माझे घर' या विषयावर लिहिताना सरळ हिशेब मांडला: उचल किती, टनाला दर किती, टन किती तोडले, आणि हंगाम सरल्यावर अंगावर बाकी कशी राहिली. मी लाल शाईने तो हिशेब खोडला. म्हटले, "अरे, निबंधात गणित कशाला? आईच्या हातावरच्या फोडांविषयी लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे."

त्याने तसे लिहिले. बक्षीसही मिळाले. मी त्याची पाठ थोपटली. तो खाली मान घालून उभा होता. मला वाटले, लाजला.

कुगोआनो वाचताना ती खाली घातलेली मान मला पुन्हा दिसली. त्या मुलाने फिर्याद आणली होती आणि मी त्याच्याकडून कहाणी मागितली. यंदाच्या निबंधस्पर्धेच्या वेळी मी फळ्यावर विषय लिहिला आणि वर्गाला सांगितले, ज्याला हिशेब मांडायचा असेल त्याने मांडावा. मी खोडणार नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, खरे आकडे लिहिले तर चालतील?"