सॅन होजेचं पत्र आणि पडद्यावरचा वर्ग

अमेरिकेतली विद्यापीठं संकटात आहेत, असं आपण सतत वाचतो. वाढलेलं शुल्क, दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेलेलं विद्यार्थ्यांचं कर्ज, घटलेला जन्मदर, बंद पडणारी छोटी कॉलेजं, वरून राजकारण. यादी मोठी आहे, ती मी वाचत बसणार नाही. आज एक पत्र घेऊ या. माझ्या मते या संकटाचा गाभा त्यात सापडतो.

२०१३ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांना खुलं पत्र लिहिलं. सँडेल यांचा ‘जस्टिस’ हा अभ्यासक्रम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. भरलेलं सभागृह, सँडेल एक पेच टाकतात, एखादी मुलगी उठून उत्तर देते, ते तिला उलट प्रश्न विचारतात. तोच अभ्यासक्रम ‘एडएक्स’वर आला होता आणि तो सॅन होजेच्या वर्गात वापरावा, असा आग्रह होता. विभागाने नकार दिला.

याला एक पार्श्वभूमी आहे. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ केला. वर संशोधन करणारी विद्यापीठं, मध्ये सॅन होजेसारखी राज्य विद्यापीठं, पायाशी कम्युनिटी कॉलेजं. शिकायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला कुठे ना कुठे जागा, असं ते वचन होतं. २००८ च्या मंदीनंतर राज्याने हात आखडता घेतला. शुल्क वाढलं, वर्ग कमी झाले. नेमकं त्याच सुमारास ऑनलाइन अभ्यासक्रमांचं वारं आलं. तिजोरी रिकामी असताना स्वस्त उपाय दारात उभा राहिला की तो थोर शैक्षणिक विचार वाटायला लागतो!

पत्राचं म्हणणं थोडक्यात असं : यातून दोन प्रकारची विद्यापीठं तयार होतील. श्रीमंतांच्या मुलांना हाडामांसाचा प्राध्यापक मिळेल आणि बाकीच्यांना त्याचं चित्रण. शिवाय देशभर सामाजिक न्यायाचा एकच अभ्यासक्रम शिकवला जाणं ही कल्पनाच त्यांना भयंकर वाटते.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. ‘जस्टिस’ची ताकद सँडेल यांच्या बोलण्यात जेवढी आहे, तेवढीच विचारण्यात आहे. पण ते विचारतात हार्वर्डच्या मुलीला. सॅन होजेचा मुलगा तिला प्रश्न विचारला जाताना पाहतो. त्याला स्वतःला कुणी उभं करत नाही, ‘तुझं म्हणणं पटलं नाही, पुन्हा सांग’ असं कुणी म्हणत नाही. न्यायाचा अभ्यास, आणि त्यात तो कायमचा प्रेक्षक.

सँडेल यांचं उत्तर सभ्य होतं. व्याख्यानं सर्वांना मोकळी असावीत ही त्यांची इच्छा. पण त्यांचा वापर इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांना दुबळं करण्यासाठी व्हावा असं त्यांना वाटत नव्हतं, आणि प्राध्यापक कपातीची भीती त्यांनी रास्त मानली.

आता पत्राची उणीव. त्या काळात कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत लाखो विद्यार्थी हव्या त्या वर्गासाठी प्रतीक्षायादीत होते. त्यांना हाडामांसाचा प्राध्यापक मिळतच नव्हता. आणि ज्यांना मिळतो, तो कसा? अमेरिकेतले सुमारे दोन-तृतीयांश अध्यापक आज कायम नोकरीच्या वाटेवर नाहीत. बरेच जण दोन-तीन कॉलेजांत तासिका घेत धावत असतात. पत्र वर्गाची बाजू लढवतं, पण तो वर्ग आतून किती पोखरला आहे, यावर पुरेसं थांबत नाही. म्हणून विरोधकांना ‘स्वतःच्या नोकऱ्या वाचवताहेत’ असं म्हणणं सोपं गेलं.

तरी मूळ भीती खरी ठरली का? सॅन होजेनेच २०१३ च्या जानेवारीत ‘युडासिटी’बरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन वर्ग सुरू केले होते. पायाभूत गणितात एक-तृतीयांश मुलंही उत्तीर्ण झाली नाहीत. उन्हाळ्यातल्या फेरीत निकाल सुधारले, पण तेव्हाच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांकडे आधीच पदवी होती. म्हणजे पडदा उपयोगी पडला, पण ज्याला शिकायचं कसं हे ठाऊक होतं त्याला. अडखळणाऱ्याला माणूस लागतो.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर २०२५ पाहा. त्याच राज्य विद्यापीठ समूहातल्या सोनोमा स्टेटने जानेवारीत तूट भरून काढण्यासाठी अनेक अभ्यासक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात तत्त्वज्ञान होतं. पुढच्याच महिन्यात समूहाने आपल्या साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना चॅटजीपीटी देणार असल्याची घोषणा केली. दोन्ही निर्णयांना आपापली कारणं असतील. पण शेजारी ठेवून वाचले की ते पत्र पुन्हा आठवतं.

आपल्याला याच्याशी काय देणंघेणं? बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथे प्राध्यापक सेलिगमन त्यांना अर्थशास्त्र शिकवायला होते. १९२५ मध्ये बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ आला, त्याची प्रस्तावना सेलिगमन यांची आहे. विद्यार्थ्याला ओळखणारा शिक्षक म्हणजे काय, ते इथे दिसतं.

हे भाषणही तुम्ही बहुतेक जण पडद्यावरच ऐकाल किंवा वाचाल. जरूर ऐका. पण मी तुमचा वर्ग घेतला, असं कृपा करून समजू नका. तुम्ही कुठे अडलात, हे मला इथून दिसत नाही. ते ज्याला दिसतं, त्याचा पगार कोण देणार, हा अमेरिकेपुढचा प्रश्न आहे. आणि तो तिथेच थांबणारा नाही.