गुणतक्ता ब्रिटनचा, ओढा सह्याद्रीचा

मागे एका शालेय प्रकल्पाची वही माझ्याकडे परीक्षणासाठी आली होती. विषय होता 'आमच्या ओढ्याचे आरोग्य'. ओढा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा, गावाला वळसा घालून पुढे नदीला मिळणारा. मुलांनी एप्रिलमध्ये गावाच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन ठिकाणी पिठाच्या चाळणीने पाण्यातले प्राणी गोळा केले, पांढऱ्या थाळीत निवडले आणि एका छापील तक्त्यावरून त्यांना गुण दिले. वरच्या जागेची बेरीज १५, खालच्या जागेची २३. निष्कर्ष : गावाखालचा ओढा अधिक निरोगी आहे.

मी त्या वहीला चांगले गुण दिले. प्राणी नेटके ओळखले होते, चित्रेही सुरेख होती. निष्कर्षातली गोम लक्षात आली ती परतीच्या एस.टी.त.

पद्धत मुळात चांगली आहे, हे आधी सांगायला हवे. पाण्याचा सामू किंवा विरघळलेला ऑक्सिजन मोजला, तर त्या क्षणीची स्थिती कळते. सकाळी कोणी साबणाचे पाणी सोडले आणि आपण दुपारी गेलो, तर परीक्षानळी काहीच सांगत नाही. दगडाखाली राहणारी अळी मात्र कित्येक आठवडे त्याच पाण्यात असते. जे वाहून आले ते सारे तिने सोसलेले असते. कोणते प्राणी टिकले व कोणते नाहीसे झाले, यावरून पाण्याचा मागचा इतिहास वाचता येतो. जर्मनीत कोल्कवित्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ही कल्पना मांडली.

वहीतला तक्ता ब्रिटनचा होता. तिथल्या नद्यांसाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या या तक्त्यात प्रत्येक कुळाला १ ते १० गुण आहेत. ऑक्सिजन कमी झाला की आधी मरणाऱ्या चपट्या मेफ्लायला १०, तांबड्या कायरोनोमिड अळीला २, गांडुळाच्या जातभाईंना १. कुळापर्यंतच ओळखायचे असल्याने शाळेला तो सोयीचा.

आता मुलांची बेरीज पाहू. वरच्या जागी पाठीवर पोहणारा कीटक ५, पाण्यावर लांब पायांनी सरकणारा कीटक ५, चकतीसारखी गोगलगाय ३, कायरोनोमिड २. खालच्या जागी चतुराची अळी ८, टाचणीची अळी ६, जळू ३, डाव्या वळणाची गोगलगाय ३, कायरोनोमिड २, गांडूळवर्गीय १. बेरजेत चूक नाही. सरासरी काढली तरी वरच्या जागेला ३.७५ आणि खालच्या जागेला ३.८३, म्हणजे क्रम तोच.

एप्रिलमध्ये वरचा ओढा वाहत नव्हता. चार डबकी उरली होती. खळाळात राहणारे प्राणी तिथे नव्हते, कारण खळाळच नव्हता. पाणी तापले की त्यात मावणारा ऑक्सिजनही घटतो : १५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. ही दरवर्षीची रीत आहे, तो आजार नव्हे. खाली मात्र पाणी वाहत होते, कारण त्यात गावचे सांडपाणी होते! वाहत्या पाण्यामुळे कुळे वाढली, कुळांमुळे गुण वाढले.

दुसरी गोम चतुराची. तक्त्यात त्या कुळाला ८ गुण आहेत. आपल्याकडे त्याच कुळात ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी पंखांचा चतुर येतो आणि तो गटारवजा, संथ पाण्यातही वाढतो. ब्रिटनमधल्या नातेवाइकांच्या पुण्याईवर त्याला ८ गुण मिळाले, एवढेच.

विशेष म्हणजे, खुद्द ब्रिटनमध्येही नुसत्या बेरजेवर निकाल देत नाहीत. तशाच उताराच्या, तशाच तळाच्या निर्मळ प्रवाहात कोणती कुळे सापडायला हवीत याचा अंदाज आधी बांधतात आणि प्रत्यक्ष सापडलेल्यांशी त्याची तुलना करतात. पुढे तर प्राण्यांची संख्याही जमेस धरणारी सुधारित पद्धत त्या तक्त्याच्या जागी आली. आपण उचलला तो तक्ता. तुलना तिथेच राहिली.

शिक्षकांनी हा प्रकल्प सोडू नये. पावसाचा लोंढा ओसरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, दोन्ही ठिकाणी पाणी वाहते असताना तो घ्यावा. खळाळाची तुलना खळाळाशी करावी, डोहाची डोहाशी. दोन्ही जागी सारखाच वेळ चाळावे. गुण द्यायचेच असतील तर शेवटी. आधी वर सापडलेला कोणता प्राणी खाली नाही, याची यादी करावी. वरच्या दगडांखाली चपटी मेफ्लाय आणि खाली नुसत्या तांबड्या अळ्या दिसल्या, तर तक्त्याविनाही पाचवीचे पोर बरोबर निदान करील. मात्र वरचे पाणी 'निरोगी' ठरले म्हणून ते पिण्याजोगे होत नाही, हे मुलांना बजावून सांगावे. रोगजंतूंची तपासणी वेगळी असते.

आणि एप्रिलची नोंदही टाकून देऊ नये. 'पाणी वाहत नाही, चार डबकी' हे वाक्य त्या वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले होते. तारखेसह ते दरवर्षी लिहिले, तर ओढा कधी आटतो आणि ती तारीख अलीकडे सरकते आहे का, हे त्याच शाळेला दहा वर्षांनी सांगता येईल.