२०१३ चा रुपया : श्रेय नेमकं कोणाचं?

२०१३ च्या रुपयाची एक गोष्ट आपल्याकडे फार आवडीनं सांगितली जाते. रुपया कोसळला, रघुराम राजन आले, रुपया सावरला. गोष्ट सुटसुटीत आहे, पण आम्हाला ती पटत नाही.

तारखाच बघू या. २२ मे २०१३ ला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी कमी करण्याचं नुसतं सूतोवाच केलं. तेव्हा डॉलर ५५-५६ रुपयांना होता. २८ ऑगस्टला ६८ च्या वर. म्हणजे परदेशात शिकणाऱ्या मुलाची ३०,००० डॉलरची फी साडेसोळा लाखांवरून वीस लाखांच्या पुढे गेली, तीही तीन महिन्यांत. बर्नान्की तर सगळ्या जगाशी बोलले होते. मग आपणच एवढे का होरपळलो? कारण २०१२-१३ मध्ये आपली चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या ४.८ टक्के होती आणि किरकोळ महागाई दहाच्या आसपास. तेल आणि सोनं आपण बाहेरून येणाऱ्या उसन्या डॉलरवर घेत होतो. तो ओघ आटणार म्हटल्यावर दुसरं काय होणार!

रिझर्व्ह बँकेनं १५ जुलैला एमएसएफचा दर ८.२५ वरून एकदम १०.२५ टक्के केला. पुस्तकी हिशेबानं रुपया सावरायला हवा होता. पण ३० जुलैच्या पतधोरणात बँकेनंच सांगितलं, की स्थैर्य आलं की हे उपाय मागे घेऊ. आता पाहुणा दारात असतानाच ‘निघणार कधी?’ विचारलं तर तो बसेल का? आमची खरी टीका इथे आहे. दर वाढवले हे चुकलं नाही, ते किती काळ टिकतील याची खात्री बाजाराला दिली नाही, हे चुकलं.

उतार थांबला तो २८ ऑगस्टला, सरकारी तेल कंपन्यांना रिझर्व्ह बँकेनं थेट डॉलर द्यायचं ठरवल्यावर. तेव्हा गव्हर्नर डी. सुब्बाराव होते, राजन ४ सप्टेंबरला आले. त्यांनी अनिवासी भारतीयांच्या एफसीएनआर ठेवींसाठी बँकांना ३.५ टक्क्यांनी स्वॅप दिला आणि सुमारे २६ अब्ज डॉलर आले. उपाय हुशारीचा, यात वाद नाही. पण बाजारात हेच संरक्षण बरंच महाग होतं; फरक रिझर्व्ह बँकेनं, म्हणजे शेवटी तुम्ही-आम्ही, सोसला. हे कौतुकाच्या भरात कोणी सांगत नाही.

मग डिसेंबरात अमेरिकेनं रोखेखरेदी खरोखरच कमी करायचं ठरवलं आणि रुपया ६२ च्या आसपासच राहिला. २०१३-१४ ची तूट १.७ टक्क्यांवर आली होती ना! पण ती आली कशी? सोन्यावर १० टक्के आयातशुल्क, वर आयातीचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी ठेवायची सक्ती. सोन्याची हौस कमी झाली नव्हती. त्यातलं काही चोरवाटेनं यायला लागलं, जे हिशेबात दिसत नाही. खरा दिलासा मिळाला तो २०१४ च्या मध्यानंतर कच्चं तेल उतरलं तेव्हा, आणि त्यात मिंट रोडचा काहीच हात नव्हता.