घाटमाथ्यावरचा निखारा

शनिवार-रविवार खंडाळ्याला मुक्काम ठेवला, तर दोन दिवसांत चार निरनिराळ्या विस्तवांवर भाजलेलं खाता येतं. रस्त्याकडेच्या शेगडीवरचं कणीस, ढाब्याच्या तंदुरातली कोंबडी, देशावरच्या आगटीतला हुरडा आणि घाटाखालची पोपटी. एवढ्या थोड्या अंतरात भाजण्याच्या इतक्या तऱ्हा क्वचितच सापडतील, आणि त्याचं कारण आहे पाऊस. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, शिरूर-दौंडकडे, तो पाचशेच्या आसपास येतो. म्हणून माथ्यावर भात, देशावर ज्वारी, आणि खाली कोकणात भातकापणी झाल्यावर उरल्या ओलीवर येणारा वाल. जे पिकतं ते भाजलं जातं, आणि पीक निघाल्यावर जे मागे उरतं, पेंढा, काटक्या, शेणी, त्यावरच ते भाजलं जातं. इथली भाजकी चव समजून घ्यायची तर आधी जमीन बघावी लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: हा प्रवास द्रुतगती मार्गावरून करू नये. 2002 साली तो पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याचा वेळ वाचला, हे खरंच. पण तिथे गाडी मध्येच थांबवता येत नाही, आणि थांबता येत नाही तिथे शेगडी पेटत नाही. निखारे आहेत ते जुन्या रस्त्यावर.

कणसाला आपण फार गृहीत धरलं आहे. राजमाची पॉइंटला धुक्यात उभं राहून कणीस खाल्लं नाही असा मुंबई-पुण्याचा माणूस विरळा, पण ते कसं भाजलं होतं हे कुणी आठवून सांगत नाही. खरं तर शेगडीवरची बाई जे करते ते बारकाईनं पाहण्यासारखं असतं. सोललेलं कणीस ती जाळावर कधीच धरत नाही. जाळ असतो तोवर काजळी धरते. ती वाट पाहते, वारा घालते, कोळशांवर राखेचा पातळ पांढरा थर आला की कणीस थेट त्यांच्यावर ठेवते. मग एका हातानं वारा आणि दुसऱ्या हातानं फिरवणं. एकेका ओळीला तिची पाळी मिळते. दाणे तडतडायला लागले की कणीस बाजूच्या मंद निखाऱ्यावर सरकतं. शेवटी मीठ-तिखटात बुडवलेली लिंबाची फोड ओळींच्या खाचांतून जोरानं फिरते, आणि गरम दाण्यावर लिंबाचा रस पडल्याचा वास नाकात शिरतो.

आता यात दोन जातींचा फरक पाहा. देशी मक्याच्या दाण्यात साखर कमी आणि पिष्ट जास्त. निखाऱ्यावर त्याची साल ताणली जाते, आतला गर घट्ट होतो आणि चावताना दाताला काम मिळतं. हल्ली बहुतेक ठिकाणी मिळतो तो स्वीट कॉर्न. त्याच्या दाण्यातली साखर पिष्टात फारशी बदलत नाही. ती साखर विस्तवावर चटकन करपते, म्हणून बाहेरून काळं आणि आत पाणी, असं कणीस हातात पडतं. त्याला उकड चांगली, निखारा नव्हे. पांढरट-पिवळ्या, थोड्या वेड्यावाकड्या दाण्यांचं देशी कणीस टोपलीत दिसलं तर तेच मागावं. भाजणारीलाही त्याचा आनंद होतो, हे मी पाहिलं आहे.

पावसाळ्यात आलात तर माथ्यावरचा आणखी एक भाजका जिन्नस आहे, आणि तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो. पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठी आणि भातखाचरांच्या बांधांवर खेकडे निघतात. रात्री बत्ती घेऊन ते पकडायला जाणं हा मावळातला जुना उद्योग. घरी त्यांचा रस्सा होतोच, पण नांग्या चुलीतल्या निखाऱ्यावर टाकून भाजतात, कवच लाल झालं की दगडानं फोडतात आणि आतलं गोडसर मांस नुसत्या मिठाशी खातात. तांदळाच्या भाकरीबरोबर निखाऱ्यावरचा सुका बोंबीलही याच घरांतला. ही चव उपाहारगृहात मिळत नाही. गावात कुणाशी ओळख असली तरच ती पानात पडते.

खंडाळ्याहून लोणावळा ओलांडून जुन्या महामार्गानं कार्ल्याकडे निघालं की ढाब्यांचा टापू लागतो. सनी दा ढाबा हे त्यातलं जुनं, माहितीतलं नाव. तंदूर इथला नाही. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांबरोबर तो दिल्लीला रुजला, तिथल्या मोती महल उपाहारगृहाच्या कुंदनलाल गुजराल यांनी तंदुरी कोंबडीला नाव मिळवून दिलं, आणि मालमोटारींच्या चाकांबरोबर तो देशभरच्या महामार्गांवर पसरला. म्हणून त्याला परका म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. घाट चढून दमलेल्या चालकाला जे खाणं हवं होतं, ते त्यानं इथे आणलं.

तंदुराची आग शेगडीपेक्षा वेगळ्या रीतीनं बोलते. खाली कोळसे असतात, पण भाजते ती मुख्यतः तापलेली मातीची भिंत. सळईला टोचलेली कोंबडी या उष्णतेच्या विहिरीत उभी राहते. तिची चरबी आणि मसाला निखाऱ्यावर ठिबकतो आणि त्याचा धूर तिच्याच अंगावर परत येतो. दह्याच्या आंबटपणानं मांस आधीच सैल झालेलं असतं, चिरांतून मसाला हाडापर्यंत गेलेला असतो. उत्तम तंदुरी कोंबडीची खूण रंगात नसते. मांडीच्या सांध्याजवळचं मांस ओलसर आहे का आणि चिरेच्या कडा काळपट-कुरकुरीत आहेत का, हे पाहावं. दोन्ही असेल तर भट्टीवरचा माणूस जाणता आहे.

पवना धरणाच्या काठच्या तंबूंमध्येही संध्याकाळी बार्बेक्यू लावतात. लोहगड-तुंगचे डोंगर समोर, पाण्यावर अंधार उतरतोय, जागा अप्रतिम. पण बहुतेक ठिकाणी लाल रंगात बुडवलेले कोंबडीचे आणि पनीरचे तुकडे, घाईत पेटवलेला कोळसा आणि पाहुण्यांच्याच हातात दिलेल्या सळया. तांदळाच्या या मुलखात, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली इंद्रायणी तांदूळ बाहेर पडला त्या मुलखात, या तुकड्यांत इथलं काहीच नसतं. तिथे राहावं, जेवायला गावात जावं.

हुरड्यासाठी मात्र पुणे ओलांडावं लागतं, आणि महिना पौषाच्या आसपासचा हवा. ज्वारीचा दाणा दुधातून बाहेर पडून चिकात आलेला असतो, अजून टणक झालेला नसतो, तेवढ्या थोड्या दिवसांचं हे खाणं. शेतात लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, तीच आगटी. कणसं त्या धगीत खुपसतात. गोवरीची धग मऊ आणि सारखी असते. दाण्याभोवतीचं बोंड आधी जळतं, आणि ते जळेपर्यंत आतला दाणा आपल्याच ओलाव्यावर शिजतो. गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर घातली, भूस उडालं की हिरवट-पोपटी दाणे उरतात. ते लगेच तोंडात गेले पाहिजेत, थंड हुरडा चिवट होतो. गूळभेंडी आणि सुरती या हुरड्याच्या नावाजलेल्या जाती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले मधुर’ खास यासाठी काढली. सोबतीला लसणाची चटणी, दही, गूळ. माझ्या मते पहिली मूठ मात्र नुसती खावी. धूर, दूध आणि गवत या तीन चवी एकापाठोपाठ येतात, आणि चटणी पडली की मधली चव हरवते.

रविवारी घाट उतरायचा. वाटेत शिंगरोबाचं देऊळ लागतं. बोरघाटातली वाट इंग्रजांना ज्यानं दाखवली असं सांगतात, त्या धनगराचं हे ठाणं, अजूनही गाड्या तिथे क्षणभर थांबतात. खोपोलीला उतरलं की हवा जड होते आणि पेण-अलिबागच्या रस्त्याला थंडीत पोपटीचा वास येऊ लागतो. या सगळ्या प्रवासातलं सर्वात पूर्ण रूप मला पोपटीत दिसतं, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

साहित्य साधं: वालाच्या कोवळ्या-भरल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी, आणि मांसाहारी असेल तर आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवतात. मग शेंगांचे थर, मधल्या थरात बाकीचं, आणि तोंडाशी पुन्हा पाला, गच्च. भांबुर्डा हे बांधावरचं रान, एरवी कुणी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचा वास उग्र, कापराच्या जवळचा. पण पोपटीत तो एकटा तीन कामं करतो: झाकण होतो, करपण्यापासून वाचवतो आणि आपला वास देतो. तो नसेल तर शेंगा भाजल्या जातील, पोपटी होणार नाही.

मग मडकं उलटं करून जमिनीवर ठेवतात आणि चहूबाजूंनी, वरूनही, पेंढा आणि काटक्या रचून पेटवतात. यात पाण्याचा थेंब नसतो. शेंगांतलाच ओलावा वाफ होऊन वर चढतो आणि उलट्या मडक्याच्या घुमटात कोंडला जातो. जादा पाणी खालच्या पाल्यातून निघून जातं. त्यामुळे आतलं काही उकडत नाही, सगळं आपापल्या रसात भाजतं. झालं की नाही हे उघडून बघता येत नाही. म्हणून मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन ते क्षणात उडालं की पोपटी झाली. अर्ध्या तासाचा हा सगळा व्यवहार केवळ कानानं आणि अंदाजानं चालतो, आणि जाणते हात कधी चुकत नाहीत.

मडकं रितं केल्यावर आधी वाफ येते, मग भांबुर्डा, मग ओवा. शेंग दातांतून ओढली की दाणे जिभेवर आणि साल हातात. वालाला मुळात किंचित कडवटपणा आहे, जाडं मीठ त्याला सावरतं. कोंबडी केळीच्या पानात असूनही वालाचा वास घेते, आणि मला ती तंदुरातल्यापेक्षा खोल वाटते, कारण इथे मसाला मागे आणि धूर पुढे आहे. भात कापला, त्याच ओलीवर वाल पेरला, त्याच भाताच्या पेंढ्यावर वाल भाजला. एका शेताचं वर्ष त्या मडक्यात असतं. रायगडात पोपटीच्या निमित्तानं कवी संमेलनं भरतात, त्यात नवल नाही.

मुंबईच्या उत्तरेला, वलसाडच्या बाजूला, थंडीत उलट्या मडक्यातलं उबाडियू मिळतं. पापडी, कंद, रानातला पाला, रीत हीच. विरारजवळच्या आगाशीत कोळशावर भाजलेली कोंबडी पोह्यांत मिसळून भुजिंग करतात. म्हणजे हा भाजण्याचा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्यानं लांबवर जातो. अशा भाजण्याची दखल कशी घेता येते तेही पाहा: अमेरिकेत ‘टेक्सस मंथली’ या मासिकानं 2013 साली केवळ बार्बेक्यूवर लिहिण्यासाठी पूर्णवेळ संपादक नेमला. कुठल्या गावात कोणतं लाकूड, मांस किती तास धगीवर, हे तिथे गांभीर्यानं लिहिलं जातं आणि लोक ते वाचून शेकडो मैल गाडी हाकतात. आपल्याकडे पोपटीचा पाला गावागणिक कसा बदलतो, ओवा कुठे जास्त, पेंढा की काटक्या, हे अजून बायाबापड्यांच्या बोलण्यातच आहे. मराठी खाद्यलेखनानं मसाल्यांची पुष्कळ दखल घेतली. विस्तवाची तेवढी घेतली नाही, ती घ्यायला हवी.

जायचं असेल तर जानेवारीत जा. त्या एका महिन्यात हुरडा आणि पोपटी दोन्ही साधतात, फेब्रुवारी सरता सरता शेंगा जून होतात. पोपटी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, आणि सांगताना भांबुर्ड्याचाच पाला घाला, असं आवर्जून सांगा.