देवळालीची छावणी आणि पुसलेल्या फिती

जुन्या ब्रिटिश सिटकॉमची चर्चा निघाली की तीच तीन-चार नावे पुढे येतात: 'डॅड्स आर्मी', 'फॉल्टी टॉवर्स', 'येस मिनिस्टर'. ही नावे थोर आहेत, वाद नाही. पण काळाने चाळून उत्तम तेवढे ठेवले, ही समजूत भाबडी आहे. चाळणी काळाच्या हातात नव्हतीच, ती वाहिन्यांच्या कचेऱ्यांत होती.

साठच्या दशकात व्हिडिओ फीत महाग होती आणि पुन्हा वापरता येत असे. नटसंघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, घरी कॅसेट विकत घेण्याची सोय नव्हती, आणि रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल कार्यक्रम कोण पाहणार, असा हिशेब होता. मग फिती पुसल्या गेल्या. 'डॅड्स आर्मी'सारख्या लाडक्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. 'स्टेप्टो अँड सन'चे काही रंगीत भाग केवळ कृष्णधवल प्रतीत उरले. 'टिल डेथ अस डू पार्ट'चे तर कितीतरी भाग गेले. जॉनी स्पाइटने वंशद्वेष्ट्या आल्फ गार्नेटची खिल्ली उडवण्यासाठी ती लिहिली, आणि पुष्कळ प्रेक्षकांना आल्फच आपला वाटला. हा पेच नीट तपासायचा तर सलग भाग हवेत, तेच नाहीत.

पुसणे हा एक प्रकार. फीत शाबूत ठेवून न दाखवणे, हा दुसरा. त्याचे ठळक उदाहरण आपल्या नाशिकच्या शेजारचे आहे. 'इट एन्ट हाफ हॉट मम' (1974 ते 1981) ही बीबीसीची मालिका सुरुवातीला घडते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या देवळाली छावणीत. लेखक जिमी पेरी स्वतः देवळालीत तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. डेव्हिड क्रॉफ्ट त्याचा जोडीदार. चित्रीकरण मात्र सगळे इंग्लंडमध्ये! नाचगाणी करणारे सैनिक आघाडीवर जाणे टाळतात आणि विंडसर डेव्हिसचा सार्जंट मेजर त्यांना खऱ्या युद्धात ढकलायला टपलेला असतो. गाभा एवढाच, आणि तो पक्का आहे. भित्र्यांची बाजू घेणारा युद्धविनोद सोपा नसतो.

बीबीसी ती आता दाखवत नाही, कारण रंगीराम हा हिंदी नोकर मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केला. बेट्स झाशीत जन्मलेला, उर्दू जाणणारा. भूमिकेत तो चोख आहे. रंगीराम स्वतःला इंग्रजांत धरून 'आपण ब्रिटिश' म्हणतो, त्यातला उपरोध साहेबांवरच उलटतो. तरीही मुख्य हिंदी पात्र रंगवलेल्या नटाकडे, आणि दिनो शफीक व बाबर भट्टी यांच्या वाट्याला चहावाला आणि पंखेवाला, ही वाटणी बोचते. एवढे सांगून मालिका दाखवता आली असती. झाकून ठेवल्याने प्रेक्षकांच्या आठवणीत फक्त सार्जंटचे ओरडणे उरले.

वर्णावरून विनोद करणाऱ्या 'करी अँड चिप्स' (1969) आणि 'लव्ह दाय नेबर' यांच्याबद्दल मला एवढी हळहळ नाही. त्यांतला विनोद शिवीच्या पुढे फारसा सरकत नाही. 'माइंड युअर लँग्वेज' (1977) वेगळी. इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी प्रौढांचा वर्ग, प्रत्येक जण आपापल्या देशाचा साचा. साचेबद्धपणाचा आक्षेप घेऊन वाहिनीनेच ती थांबवली. आपल्याकडे 1993मध्ये तिची 'जबान संभालके' झाली. पंकज कपूर शिक्षक, वर्गात विजू खोटे. साचे तसेच राहिले, फक्त बहुतेक देशांच्या जागी प्रांत आले, आणि आपण मनमुराद हसलो. कुणाला बोचले नाही, कारण सगळ्यांचीच टर उडत होती.

माझ्या मते खरे दुर्लक्ष झाले ते 'तंदुरी नाइट्स'चे. चॅनल फोरने ती 1985मध्ये आणली. लेखक पुण्यात जन्मलेले फारुख धोंडी. भूमिकांत सईद जाफरी आणि झोहरा सेहगल. लंडनमधल्या हिंदी खानावळींची चढाओढ हा विषय. एका खानावळीचे नाव 'ज्युएल इन द क्राउन', दुसरीचे 'फार पॅव्हिलियन्स', दोन्ही ब्रिटिश राजवरच्या मालिकांची नावे: ब्रिटिशांच्या राजविषयक हळवेपणाचाच फलक करून त्यांना जेवायला बोलावायचे, ही चलाखी मला फार आवडते. इथे आशियाई माणूस विनोदाचे गिऱ्हाईक नव्हता, मालक होता. पण ब्रिटिश आशियाई विनोदाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण 1998च्या 'गुडनेस ग्रेशस मी'पासून सुरुवात करतात. जाफरींची खानावळ त्याच्या तेरा वर्षे आधी उघडली होती.