‘स्पॅनिश शैली’चे घर : नोंद, नक्कल आणि उचल

गृहसजावटीवरील ग्रंथांतून ‘स्पॅनिश शैली’ या नावाखाली जे सांगितले जाते ते बहुधा ठरावीक असते : चुन्याच्या पांढऱ्या भिंती, लाल कौले, कमानी, लोखंडी गजांच्या खिडक्या, रंगीत फरश्या आणि गडद लाकडाचे जड फर्निचर. ही यादी चुकीची नाही. परंतु ती कोणी व कशासाठी तयार केली, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. आर्थर बाइन व मिल्ड्रेड स्टॅप्ली या अमेरिकन दांपत्याच्या ग्रंथांकडे पाहताना तो टाळता येत नाही.

स्पॅनिश अंतर्गृहे व फर्निचर यांवरील त्यांचा ग्रंथ १९२०च्या दशकाच्या आरंभी, तर उद्याने व पाटिओ यांवरील ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाइन यांची छायाचित्रे व रेखाटने हे या लेखनाचे खरे बळ होय. त्यासोबतचा मजकूर मात्र तोकडा आहे, आणि ही केवळ शब्दसंख्येची उणीव नव्हे. चित्रात वस्तू दिसते, तिचा वापर दिसत नाही. जुन्या स्पॅनिश घरांत स्त्रिया ‘एस्त्रादो’ नावाच्या किंचित उंच बैठकीवर गालिचे व उशा घालून बसत. ही अरबी वळणाची रीत सतराव्या शतकातही टिकून होती. खुर्च्या व मेजे यांवर भर देणाऱ्या सजावटीत ही बैठक नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर त्या घरातील अरबी वारसाही.

छताचे उदाहरण याहून बोलके आहे. मुदेहार सुतारकामातील लाकडी छत ही खोलीवर चढविलेली नक्षी नव्हे. अनेकदा ते आढ्याची मूळ चौकटच असते, आणि ताऱ्यांची भौमितिक नक्षी त्या चौकटीच्या मापांतूनच निघते. १६३३ मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेल्या दिएगो लोपेस दे आरेनास यांच्या ग्रंथात या सुतारकामाचे नियम दिले आहेत. असे छत ‘सजावट’ मानले की ते उतरवून अन्यत्र बसविण्याची कल्पना सहज सुचते. खाली उरते ते छप्पर नसलेले घर.

ही केवळ कल्पना राहिली नाही. बाइन हे स्वतः पुराणवस्तूंचे व्यापारी होते. कॅलिफोर्नियात जॉर्ज वॉशिंग्टन स्मिथ या वास्तुविशारदाने उद्योगपती जॉर्ज स्टीडमन यांच्यासाठी बांधलेल्या ‘कासा देल एरेरो’ या घरासाठी स्पेनमधील जुन्या वस्तू मिळविण्यात या दांपत्याचा हात होता. जो ग्रंथ वाचकाची अभिरुची घडवतो, त्याच ग्रंथाचा कर्ता त्या अभिरुचीला माल पुरवतो. अशा वेळी ग्रंथ आणि विक्रीची सूची यांतील सीमारेषा पुसट होते.

बाइन यांच्या बाजूनेही काही सांगता येते. १८३५-३६ मधील मठसंपत्तीच्या जप्तीनंतर असंख्य वास्तू खाजगी मालकीच्या झाल्या होत्या आणि कित्येकांची गोठारे बनली होती. तरीही हा युक्तिवाद पुरा पडत नाही. स्मारकांच्या स्थलांतराला आळा घालणारा हुकूम स्पेनमध्ये १९२६ मध्ये निघाला होता, आणि त्यानंतर, १९३१ मध्ये, ओविला येथील सिस्टर्शियन मठाचे दगड बाइन यांच्यामार्फत विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यासाठी उतरविण्यात आले.

या तुलनेत ज्या नकलेची समीक्षक सर्रास टर उडवतात ती निरुपद्रवी ठरते. १९२५च्या भूकंपानंतर सांता बार्बरा शहराने जाणीवपूर्वक स्पॅनिश रूप धारण केले. तेथील १९२९च्या न्यायालयाच्या इमारतीत ट्युनिशियाच्या फरश्या आहेत. इतिहास म्हणून ही निवड शिथिल खरी, पण त्यासाठी कोणाची भिंत उघडी पडली नाही. इबेरियाच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण गोव्यात आढळते : पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील झॉर्झ कुलासू यांची १९३५ची ‘आझुलेझु’ चित्रे त्याच जागेसाठी घडविली गेली. त्यांचा वसाहतवादी आशय वादग्रस्त आहे. त्यांची जागा मात्र त्यांची स्वतःची आहे.

ओविलाचे दगड हर्स्ट यांना कधीच जोडता आले नाहीत. ते अनेक दशके सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात पडून राहिले. पुढे त्यांतील उरलेल्या दगडांतून मठाचे सभागृह उत्तर कॅलिफोर्नियातील व्हायना येथे पुन्हा उभारले गेले. मूळ मठाचे अवशेष स्पेनमध्ये त्रियो गावाजवळ, ताहो नदीच्या काठी आहेत.